रविवार कुणाचा?

मैत्रिणींनो, रविवार म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उशिरा उठणारी लेकरं, आठवडाभराच्या धुण्याचा ढीग, दुपारच्या रश्श्याच्या वाटणाचा वास, आणि 'आज काय, सुट्टीच आहे' असं म्हणत चहाचा तिसरा कप मागणारे यजमान! बाईच्या जातीला सुट्टी नसते हे आपण सगळ्याच जाणतो. पण आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतून रविवारला आणखी एक काम असतं. सकाळी साडेनवाच्या आत घरातल्या लहानथोरांना आंघोळी घालून, इस्त्रीचे कपडे चढवून देवळात नेऊन बसवायचं. होय, देवळातच. आमची जुनी माणसं चर्चला अजून 'देऊळ'च म्हणतात.

माझ्या आईने हे काम कधी काम मानलं नाही. पाण्याला हंडा लावावा तसं ते आपोआप होत असे. माझ्या पिढीला मात्र दर रविवारी नव्याने ठरवावं लागतं, आणि माझ्या मुलीच्या पिढीला ते ठरवायला वेळ तरी उरेल का, अशी धास्ती वाटते. हा प्रश्न नुसता ख्रिस्ती बायकांचा नाही. तुमच्याकडे गुरुवारची आरती असेल, शेजारणीकडे शुक्रवारचा नमाज असेल, नांदेडला तर गुरुद्वाऱ्याची सेवा आहे. घरातला धर्म पुढच्या पिढीच्या ओटीत घालायची जबाबदारी सगळीकडे आईवरच येते. मी आमच्या घरचं सांगते, तुम्ही आपल्या घरचं ताडून पाहा.

आम्ही कोण?

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. सकाळच्या सत्रात एका शाळेत मी अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. नव्या शेजारणीला आमचा धर्म कळला की तीन प्रश्न ठरलेले. 'तुम्ही गोव्याकडच्या का हो?' 'घरात इंग्रजीच बोलत असाल?' आणि जरा आवाज खाली आणून, 'नाताळला ते... लागतंच ना तुमच्यात?' तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे! आम्ही तुमच्याइतक्याच मराठवाड्याच्या. घरात 'लेकरं', 'माय', 'कामून' हीच भाषा. आमच्या घरी नाताळला करंज्या आणि चकल्या होतात आणि प्रभुभोजनाला नुसता द्राक्षाचा रस असतो.

गोव्यातले बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपना मानणारे. आम्ही प्रॉटेस्टंट. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी सुरू केलेल्या सुधारणेतून हा पंथ निघाला. आमच्या देवळात मूर्ती नसते, साधा क्रूस असतो. आमचे पाळक लग्न करतात, त्यांना घरसंसार असतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पवित्र शास्त्र ज्याने त्याने आपल्या भाषेत स्वतः वाचायचं. बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथांच्या मदतीने १८११ साली मराठी नवा करार छापून काढला, तो याच आग्रहातून. बाईलाही शास्त्र वाचता आलं पाहिजे, म्हणून मिशनने जिथे देऊळ बांधलं तिथे बहुधा शाळाही काढली. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगरला, मिस सिंथिया फरार यांच्याकडे, हे माझ्या वर्गातल्या मुलींना मी दर वर्षी आवर्जून सांगते.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे इकडची ख्रिस्ती वस्तीही वेगवेगळ्या दिशांनी आली. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचं ख्रिस्ती गावच वसवलं. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, पण त्यांच्या मंडळीत आली ती बहुतांशी गावकुसाबाहेरची माणसं. उदगीरच्या पलीकडे बिदरला अमेरिकन मेथडिस्ट मिशन होतं. पश्चिमेला अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ सालीच ठाण मांडलं होतं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. अमेरिकन मेथडिस्ट मात्र ऐनवेळी त्यातून बाहेर राहिले आणि १९८१ मध्ये त्यांनी भारताची स्वतंत्र मेथडिस्ट मंडळी केली. एका देवाची लेकरं, पण देवळांच्या पाट्या वेगळ्या! सासर-माहेरच्या पाट्या वेगळ्या असल्या की कुठल्या देवळात बसायचं, यावरून नव्या सुनेला काय काय ऐकावं लागतं ते आमच्यातल्या बायकांना विचारा.

आम्ही आहोत किती? २०११ च्या जनगणनेत सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे पावणेअकरा लाख, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता भरत नाही. त्यातले बरेचसे मुंबई-वसईकडचे. लातूर-नांदेडला आमची संख्या मिठाइतकी. म्हणून रविवारी देवळात दहा माणसं कमी आली, तरी बाक रिकामे दिसतात.

रविवारी होतं काय?

ज्यांनी आमची उपासना कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घंटा होते, बायका डोक्यावर पदर घेतात. जुन्या देवळांतून अजूनही बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. भिंतीवरच्या फळीवर त्या दिवशीच्या गीतांचे आकडे लावलेले असतात. 'उपासना संगीत' या पुस्तकातून ती गीतं म्हणायची. त्यांतली पुष्कळशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. अभंगाच्या, ओवीच्या वळणाची, पेटी-तबल्यावर म्हणायची. परक्या चालींवर मराठी शब्द कोंबण्यापेक्षा ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे जावं, हा टिळकांचा ध्यास होता. त्यामुळे आमची म्हातारी माणसं ही गीतं गुणगुणत ज्वारी निवडतात, तेव्हा शेजारणीला वाटतं, काकू अभंगच म्हणताहेत!

मग पापांची कबुली, जुन्या आणि नव्या करारातलं वाचन, पाळकांचं प्रवचन, दानार्पणाची थैली, आणि शेवटी आशीर्वाद. सव्वा-दीड तासाचा कार्यक्रम. महिन्यातून एकदा प्रभुभोजन. आणि वर्षातून एकदा सुगीचा सण. तो मात्र पाहण्यासारखा असतो. कुणी तुरीचं पोतं आणतं, कुणी ज्वारीची कणसं, कुणी सोयाबीन, परसातला भोपळा, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडाही! प्रार्थना झाली की पटांगणात लिलाव. बाजारात तीस रुपयांना मिळणारा भोपळा देवळात तीनशेला जातो, आणि घेणारा तो परत लिलावालाच ठेवतो. शहरात राहून शेत नसलेल्या आमच्यासारख्या बायका त्या दिवशी घरची लोणची, पापड, शेवया नेतात. तो पैसा देवळाची डागडुजी आणि गरिबांची फी यांसाठी जातो.

हे सगळं वाचून वाटेल, किती छान! मग अडतंय कुठे?

परीक्षा रविवारीच का?

अडतंय ते पहिल्यांदा लातुरात. 'लातूर पॅटर्न' तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टर-इंजिनियर करण्यासाठी दहा जिल्ह्यांतून मुलं लातूरला येतात, खोल्या करून राहतात. नांदेडही आता मागे नाही. आठवडाभर शिकवणी आणि रविवारी सकाळी चाचणी! अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलाला रविवार म्हणून दिसतच नाही.

माझ्या माहेरच्या मंडळीतली एक बाई मला म्हणाली, 'काय करू माय, पेपर बुडाला की नंबर खाली जातो, मग वरच्या तुकडीतून काढतात. देव समजून घेईल गं, क्लासवाले नाही समजून घेत.' तिच्या या बोलण्यावर मी काय उत्तर देणार? नवऱ्याने कर्ज काढून फी भरलेली. घरातला पहिला मुलगा डॉक्टर होऊ घातलेला. त्या माउलीला 'तुझी श्रद्धा कमी' असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पण दोन वर्षांनी काय होतं तेही पाहा. सोळाव्या वर्षी सुटलेलं देऊळ अठराव्या वर्षी परत धरलं जात नाही. मुलगा पुढे पुण्याला जातो. तिथे गेला तर इंग्रजी उपासनेला जातो, नाहीतर कुठेच जात नाही. दृढीकरणाच्या वयात, ज्या वयात माणूस आईवडिलांचा विश्वास स्वतःचा म्हणून तपासून घेतो, नेमक्या त्याच वयात त्याला विचार करायला फुरसत नसते. मग लग्न ठरवायच्या वेळी आईबाप म्हणतात, 'पोरगी आपल्यातलीच पाहिजे!' चार वर्षांत देवळाचं तोंड न पाहिलेल्या पोराला 'आपल्यातली' म्हणजे काय हे कळणार कसं?

मला वाटतं, इथे हट्ट मुलांनी नव्हे, देवळाने सोडायला हवा. सकाळचे साडेनऊ हे काही शास्त्रात लिहिलेलं नाही. शाळा काढून ज्या धर्माने आमच्या आज्या-पणज्यांच्या हातात पाटी दिली, त्याने अभ्यासाशी वैर धरणं शोभत नाही. शनिवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी पाऊण तासाची उपासना घ्यावी. बाहेरगावच्या, खोल्या करून राहणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींची पाळकांनी नावनिशी यादी ठेवावी आणि एकेका कुटुंबाने महिन्यातून एकदा दोघा-दोघांना जेवायला बोलवावं. घरच्या भाकरीवर बसून पोरं जे बोलतात ते प्रवचनाने बोलत नाहीत.

मोबाईलवरचं देऊळ

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि देवळाला कुलूप लागलं. तेव्हा रविवारची उपासना मोबाईलवर आली. आमच्याकडे तांदळाच्या डब्याला टेकवून मोबाईल ठेवायचा आणि सगळे समोर चटईवर. त्या दिवसांत त्या एवढ्याशा पडद्याने मोठा आधार दिला, हे नाकारून चालणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या मावससासूबाईंना तर कित्येक वर्षांनी उपासना मिळाली.

पण टाळेबंदी उठली आणि सवय राहिली. आता कितीतरी घरांतून बाई कणीक मळते आहे, मुलगा लोळतो आहे आणि कोपऱ्यात कुठल्यातरी मोठ्या शहरातलं चकचकीत प्रवचन चालू आहे, असं दिसतं. प्रवचन आमच्या पाळकांपेक्षा सरस असेलही! पण त्या प्रवचनकाराला तुमच्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं हे ठाऊक नाही. तुमच्या घरी मयत झाली तर तो खांदा द्यायला येणार नाही. प्रभुभोजनाची भाकर पडद्यातून हातात पडत नाही.

आणि बायकांचं तर आणखी एक नुकसान आहे, ते पुरुषांच्या ध्यानात येत नाही. उपासना सुटल्यावर देवळाच्या ओसरीवर अर्धा तास आम्ही बायका उभ्या असतो. कुणाची मुलगी माहेरी परत आली, कुणाला गाठ आली आहे, कुणाच्या नवऱ्याने पुन्हा पिणं सुरू केलं, हे त्या अर्ध्या तासात कळतं. सासरच्या माणसांशिवाय दुसऱ्या कुणाशी मोकळं बोलायची कित्येक बायकांची ती एकुलती एक जागा. घरी बसून उपासना ऐकणारीला प्रवचन मिळतं, ओसरी मिळत नाही.

प्रार्थना आणि गोळी

अलीकडे भाड्याच्या हॉलमधून, घरांच्या गच्चीवरून नव्या प्रार्थनासभा भरतात. शुक्रवारी उपास-प्रार्थना, टाळ्या, गाणी, साक्षी, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना. जुन्या देवळांतले लोक नाकं मुरडतात, पण बायका तिकडे का ओढल्या जातात याचा विचार करत नाहीत. तिथे कुणीतरी तिचं नाव घेऊन विचारतं, 'ताई, काय होतंय?' घरात हे वाक्य तिने वर्षानुवर्षं ऐकलेलं नसतं! आमच्या शिस्तशीर देवळांनी यातून धडा घ्यायला हरकत नाही.

परंतु एक गोष्ट मी स्पष्टच सांगणार आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंना कित्येक वर्षं साखरेचा आजार. सभेत कुणीतरी साक्ष दिली, 'मी गोळ्या फेकल्या आणि बरा झालो.' यांनीही इन्शुलिन बंद केलं. श्रद्धा दाखवायची म्हणून घरात कुणाला सांगितलंही नाही. पायाला जखम झाली, चिघळली, आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. त्यानंतर त्यांना सर्वांत मोठं दुःख कशाचं झालं असेल? बोटं गेल्याचं नव्हे. 'माझाच विश्वास कमी पडला' याचं! आजार तो आजार, वर अपराधाचं ओझं.

बहिणींनो, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असं आमची परंपरा सांगते. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या बीड जिल्ह्याच्या शिवेला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबेल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला शिकलं, अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलं आणि १९७० साली दुष्काळी जामखेडमध्ये कामाला लागलं. मोठं रुग्णालय बांधून रोग्यांची वाट बघत बसण्याऐवजी त्यांनी खेड्यातल्या बायाच आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण, लेकरांचं वजन, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, विहिरीची स्वच्छता असं सगळं त्या शिकल्या आणि गावाला शिकवलं. १९७९ साली या पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक ते काम बघायला जामखेडला येऊ लागले. आरोळे दांपत्याने आपली श्रद्धा लपवली नाही, आणि औषधही नाकारलं नाही. प्रार्थना करून बाळंतिणीचा रक्तदाब मोजणं ही श्रद्धाच आहे.

म्हणून नियम सोपा. प्रार्थनेला खुशाल जा. पण कुणी 'औषध बंद कर' म्हणालं, 'हे घरात सांगू नकोस' म्हणालं किंवा बरं करण्याचे पैसे मागितले, तर पर्स उचलायची आणि सरळ घरी यायचं. मग तो कुठल्याही धर्माचा असो.

चहा कुणी करायचा, हिशेब कुणी ठेवायचा?

आमच्या देवळातले बाक मोजले तर दोन वाट्यांहून अधिक बायकाच असतात. रविवारच्या शाळेत लेकरांना शिकवतात बायका. नाताळच्या जेवणाचा भात शिजवतात बायका. आजाऱ्यांच्या घरी बुधवारची प्रार्थना नेतात बायका. आणि कमिटीच्या टेबलाभोवती? तिथे पुरुष. बायांपैकी एखादी 'महिला प्रतिनिधी' म्हणून असते, तिच्याकडे बहुधा चहाचं बघायचं असतं. मिशनच्या काळातल्या जमिनी आता गावांच्या मोक्याच्या ठिकाणी आल्या आहेत. त्यांवरून कितीतरी ठिकाणी भांडणं आणि कोर्टकज्जे चालतात. सुगीच्या सणाला शेवया विकून आम्ही जमवलेला पैसा वकिलाच्या फीत गेला तर आम्ही विचारायचं नाही का?

वास्तविक आमच्या मंडळीचा इतिहास तोंडात पदर धरणाऱ्या बायकांचा नाहीच. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण धर्मगुरू सांगतील ते सगळं डोळे मिटून त्यांनी मान्य केलं नाही. पटलं नाही ते पत्रांतून ठणकावून सांगितलं. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम चालू होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचलं असेल. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला म्हणून त्या त्याच्या मागे फरफटत गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, स्वतः पाहिलं, स्वतः विचार केला आणि मगच आपला निर्णय घेतला.

आता दारं उघडायला लागली आहेत. २०१३ साली दक्षिण भारतीय मंडळीत ई. पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. २०२४ साली उत्तर भारतीय मंडळीतही व्हायलेट नायक या ओडिशातल्या फुलबनीच्या बिशप झाल्या. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या स्त्रियांचा प्रार्थनादिन असतो. दर वर्षी एका देशातल्या बायका त्याची उपासना लिहितात आणि दीडशेहून अधिक देशांतल्या बायका ती म्हणतात. त्या दिवशी आमच्याकडेही बायका वेदीपाशी उभ्या राहून शास्त्र वाचतात, संदेश देतात. आकाश कोसळत नाही! मग उरलेल्या बावन्न रविवारांना काय हरकत आहे?

कायद्याचीही दोन वाक्यं, कारण आमच्या बायकांना ती कुणी सांगत नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागे. हा अन्याय २००१ सालच्या दुरुस्तीने गेला, आणि परस्परसंमतीने वेगळं होण्याची सोयही झाली. वारसाचं म्हणाल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सर्व मुलगे-मुलींना सारखं. 'मुलीचं लग्न लावून दिलं, तिचं काय राहिलं' हे कायदा मानत नाही. आणि देवळात लग्न लागलं की विवाहनोंदणीचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्या. पासपोर्टाच्या वेळी धावाधाव नको.

घरातलं नाव, कागदावरचं नाव

एक नाजूक गोष्ट बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमच्यातले बहुसंख्य लोक पूर्वीच्या अस्पृश्य जातींतून आलेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती सुरुवातीला फक्त हिंदूंना होत्या. १९५६ साली त्या शीख बांधवांना आणि १९९० साली बौद्ध बांधवांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. बाप्तिस्मा झाला म्हणून गावाने आजोबांना वेगळ्या कपातून चहा द्यायचं थांबवलं नव्हतं. पण कायद्याच्या लेखी त्यांची जात पुसली गेली. म्हणून कित्येक कुटुंबं कागदावर एक आणि रविवारी दुसरी अशी राहतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, ख्रिस्ती श्रद्धा पाळत असताना सवलतीसाठी हिंदू म्हणवून घेता येणार नाही. या प्रश्नावर केंद्राने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

न्यायाचं काय व्हायचं ते होईल. मी आईच्या बाजूने बोलते. 'खोटं बोलू नये' असं रविवारच्या शाळेत शिकवून सोमवारी त्याच लेकराच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात हात अडखळणारी आई मी पाहिली आहे. तिला ढोंगी म्हणणं सोपं आहे. फी भरायची असली म्हणजे कळतं. देवळाने अशा घरांना बोल लावण्याआधी त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी किती शिष्यवृत्त्या ठेवल्या, हे स्वतःला विचारावं.

काय करता येईल?

ख्रिस्ती मैत्रिणींनो, रविवार राखायचा तर शनिवारपासून राखावा लागतो. शनिवारी रात्रीच कपडे इस्त्री करून ठेवा, डाळ भिजवा, वाटण करून ठेवा. रविवारी सकाळी पोह्यांवर भागवा. चारी ठाव स्वयंपाक दुपारी उशिरा झाला तर कुणी उपाशी मरत नाही. आणि हे एकटीने ओढू नका. 'देवळात जायचंय' म्हणून बाईने पहाटे चारला उठायचं आणि बाकीच्यांनी नऊला तयार होऊन 'चल लवकर' म्हणायचं, अशा रविवारात देवाला काय गोडी वाटणार! आमचे 'हे' आता रविवारचा चहा-पोहे करतात. पोह्यांत मीठ कधी जास्त पडतं, पण प्रार्थनेला उशीर होत नाही.

मुलांना जबरदस्तीने ओढून नेऊ नका, आणि अजिबात सोडूनही देऊ नका. क्लासच्या वर्षांत रात्री जेवणानंतर दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना ठेवा. एक गीत, चार ओळींचं वाचन, घरातल्या आणि शेजारच्या कुणाच्या तरी दुखण्याची आठवण. पोर प्रश्न विचारेल, 'देव असता तर भूकंप का होतो?' १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, आपल्या लातुराला हा प्रश्न नवा नाही. 'असं विचारू नये' म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तेही सांगा, आणि त्या वेळी ढिगारे उपसायला सगळ्या धर्मांचे हात आले होते हेही सांगा. प्रश्न दाबलेलं पोर देवळातून मुकाट्याने जातं, विचारू दिलेलं पोर निदान भांडायला तरी परत येतं.

आणि ख्रिस्ती नसलेल्या माझ्या वाचक मैत्रिणींनो, नाताळला शेजारी जाल तेव्हा केक मागाच, पण करंजीही मागा, ती आमची खरी. उपासनेला बसायचं असेल तर खुशाल या, कुणी अडवणार नाही. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभ्या राहा. थैली पुढे आली आणि काही टाकायचं नसलं तर नुसती पुढे द्या. प्रभुभोजन मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, त्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही. आमच्याकडे मयत झाली तर फुलं घेऊन या, बायकाही स्मशानभूमीपर्यंत येतात.

रविवार कुणाचा, असं मी वर विचारलं आहे. तो क्लासवाल्यांचा नाही, मोबाईलचा नाही आणि कमिटीचाही नाही. शास्त्र म्हणतं तो देवाचा, आणि त्याच शास्त्रात विसावा नोकरचाकरांना, दारच्या परक्याला, बैलालाही सांगितला आहे. बैलाला सांगितला तो घरच्या बाईला का नसावा? येत्या रविवारी, तुमचा धर्म कुठलाही असो, एक तास असा काढा की त्या तासात तुमच्याकडे कुणी काही मागणार नाही. देवापुढे बसा, ओसरीवर बसा, मैत्रिणीजवळ बसा. आणि शेजारी तुमच्या लेकीलाही बसवा. तिला हा तास ठाऊक असला, तरच उद्या ती तो आपल्या घरात मागून घेईल.